कोटेशनमधली ‘व्हॉइस व्हीलॅन’ नावाची ओळ: ऑफिसच्या फोनला वेगळी वाट कशासाठी?

गावोगावचे तांब्याच्या तारेवरचे लँडलाइन आता फायबरवर जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर ऑफिसच्या कोपऱ्यात भिंतीवर लावलेला, आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारा ईपीएबीएक्सचा डबाही निघतो आहे. त्याच्या जागी येतात आयपी फोन. दिसायला टेलिफोनच, पण मागे टेलिफोनची बारीक वायर नसते, कॉम्प्युटरला लागते तीच नेटवर्कची केबल असते. मग व्हेंडरचं कोटेशन येतं. फोन इतके, स्विच इतके, केबल इतके मीटर, आणि खाली कुठेतरी एक ओळ: ‘व्हॉइस व्हीलॅन कॉन्फिगरेशन’. तिचे पैसे लावलेले असतात, पण हातात घेता येईल अशी वस्तू काही दिसत नाही. साहजिकच मालक विचारतात, हे काढलं तर चालेल का?

मी नेटवर्क बसवण्याचं काम करतो आणि हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. ती ओळ काढली तरी फोन लागतील, हे खरं आहे. पहिल्या दिवशी आवाजही छान येईल. त्रास सुरू होतो तो ऑफिसचं खरं काम त्या वायरींवर चढलं की. हा लेख अशा मालकांसाठी आहे, आणि ‘तू कॉम्प्युटरचं बघतोस ना, मग फोनचंही बघ’ म्हणून ज्यांच्या गळ्यात ही जबाबदारी पडली आहे त्यांच्यासाठीही.

## अकरा वाजता तुटणारा आवाज

दक्षिण महाराष्ट्रातलं एक मध्यम आकाराचं हॉस्पिटल. तीन मजले, २२ फोन. नवे फोन लागून महिना झाला होता आणि रिसेप्शनवरच्या ताई रडकुंडीला आल्या होत्या. सकाळी अकराच्या सुमारास आवाज तुटायला लागायचा. गंमत अशी की ताईंना पलीकडचं सगळं नीट ऐकू यायचं, तुटायचा तो फक्त त्यांचा आवाज. त्या अपॉइंटमेंटची वेळ सांगत, आणि पलीकडचे आजोबा चौथ्यांदा विचारत, ‘किती वाजता म्हणालात?’ कोणी औषधाबद्दल विचारलं की त्याला ‘दोन’ ऐकू गेलं की ‘दीड’, याची खात्री नसे. दुकानात ही गैरसोय म्हणून खपून जाते. हॉस्पिटलात तो धोका असतो.

नेहमीचे उपाय करून झाले होते. दोन फोन बदलून आणले होते. इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन स्पीड टेस्ट दाखवून गेला होता, १०० एमबीपीएसच्या लाइनवर नव्वदच्या वर आकडा येत होता.

मी घड्याळ घेऊन दोन तास रिसेप्शनच्या बाकावर बसून राहिलो. आवाज सलग तुटत नव्हता. वीस-पंचवीस सेकंद तुटायचा, मग स्वच्छ व्हायचा, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तुटायचा. रिसेप्शनच्या मागेच सीटी स्कॅनची खोली होती. तिथून एक पेशंट बाहेर आला की थोड्याच वेळात आवाज बिघडायचा, हे दुसऱ्या तासाला लक्षात आलं.

आता हिशेब बघा. सीटीची एक प्रतिमा म्हणजे ५१२ बाय ५१२ ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे सुमारे अर्धा एमबी. एका पेशंटच्या ५०० प्रतिमा धरल्या तर २५० एमबी होतात. हा सगळा ऐवज तिसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हरकडे जात होता, आणि वाटेत दुसऱ्या मजल्यावर १०० एमबीपीएसचा एक जुना स्विच होता. स्विच म्हणजे अनेक केबली जिथे एकत्र येतात आणि प्रत्येक माहिती योग्य केबलीत वळवली जाते तो डबा. एमबी म्हणजे मेगाबाइट, पण एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, आणि एका बाइटात आठ बिट असतात. म्हणून त्या स्विचमधून २५० एमबी जायला किमान २० सेकंद लागतात. तेवढा वेळ वर जाणारी वायर काठोकाठ भरलेली असे. फोनचा सर्व्हर, म्हणजे ईपीएबीएक्सच्या जागी कॉल जोडून देणारा कॉम्प्युटर, तोही तिसऱ्या मजल्यावरच होता, म्हणजे ताईंचा आवाज त्याच वायरीवर, त्याच दिशेने, सीटीच्या मागे रांगेत उभा राहत होता. पलीकडच्या माणसाचा आवाज उलट दिशेने खाली येत होता. ती बाजू मोकळी होती.

म्हणजे इंटरनेटचा इथे काहीच संबंध नव्हता. आवाज इमारतीतून बाहेर पडण्याआधीच कापला जात होता.

## आवाज लहान असतो, पण त्याला थांबता येत नाही

आयपी फोन आपल्या बोलण्याचे बारीक तुकडे करतो. एका तुकड्यात साधारणपणे २० मिलिसेकंदांचा आवाज असतो, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालून पाकीट केलं जातं, त्याला पॅकेट म्हणतात. जी.७११ ही आवाजाची नेहमीची पद्धत वापरली तर एका पॅकेटात १६० बाइट आवाज असतो, आणि पत्त्यांचं ओझं धरून एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस लागतात. बावीसच्या बावीस फोनवर एकाच वेळी बोलणं चाललं तरी दोन एमबीपीएस पुरे भरत नाहीत. आवाज खादाड नाही.

तो उतावळा मात्र आहे. पंगतीत पानं वाढली आहेत आणि जिलबी स्वयंपाकघरात अडकली. मंडळी हात धुऊन उठल्यावर ती आली, तर ती कितीही गरम आणि ताजी असली तरी उपयोग काय? फाइलचं तसं नसतं. फाइलचं एखादं पॅकेट हरवलं तर कॉम्प्युटर पुन्हा मागून घेतो, अर्धा सेकंद उशीर झाला तरी कोणाला कळत नाही. बोलण्यात मागून घ्यायला वेळच नसतो. उशिरा आलेला तुकडा फोन टाकून देतो आणि तेवढी जागा रिकामी राहते. आपण म्हणतो, आवाज तुटला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंतचा एका बाजूचा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. त्याहून फार वाढला की दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात.

नुसत्या उशिरापेक्षाही त्रासदायक असतो तो अनियमित उशीर. एक पॅकेट ५ मिलिसेकंदांत आलं, पुढचं ६० मध्ये, त्याच्या पुढचं ८ मध्ये. याला जिटर म्हणतात. फोनमध्ये त्यासाठी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी सोय असते. नगरपालिकेचं पाणी कधी जोरात येतं, कधी करंगळीएवढं, पण टाकीमुळे घरातला नळ एकसारखा वाहतो. फोनही काही पॅकेटं साठवून मग एका लयीत वाजवतो. पण टाकी जितकी मोठी, तितकी ती भरेपर्यंत वाट बघावी लागते, आणि बोलताना वाट बघायची मुभा फार थोडी असते. म्हणून टाकी मोठी करून प्रश्न सुटत नाही, मुळातला पुरवठाच सुधारावा लागतो.

## व्हीलॅन म्हणजे डब्यावरची खूण

एका ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर, प्रिंटर, फोन ज्या एकाच नेटवर्कमध्ये असतात त्याला लॅन म्हणतात. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचमध्ये, त्याच केबलींवर, भिंती घालून केलेली दोन-तीन वेगळी लॅन. भिंती दिसत नाहीत, त्या स्विचच्या सेटिंगमध्ये असतात.

हे समजून घ्यायला मुंबईच्या डबेवाल्यांइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. अंधेरीच्या घरातून डबा निघतो तेव्हा घरातल्या बाईंना त्याच्या झाकणावरच्या खुणेशी काही देणंघेणं नसतं. त्या फक्त दारात डबा देतात. लोकलच्या डब्यात मात्र कितीतरी घरांचे डबे एकत्र चढतात, आणि तिथे सगळा कारभार त्या खुणेवर चालतो. चर्चगेटचा डबा दादरला उतरत नाही. आतली भाजी कोणी बघत नाही, झाकण बघून डबा पुढे जातो. आणि शेवटी ऑफिसात जेवणाऱ्यालाही खूण वाचता यावी लागत नाही.

व्हीलॅनची खूण म्हणजे पॅकेटच्या पत्त्यात घातलेले चार बाइट. ही पद्धत ८०२.१क्यू या मानकाने १९९८ मध्ये ठरवून दिली, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकमेकांच्या खुणा वाचू शकतात. त्या खुणेत व्हीलॅनचा क्रमांक असतो, १ ते ४०९४ पैकी कोणताही. त्या हॉस्पिटलात आम्ही कॉम्प्युटरना १० दिला आणि फोनना २०. स्विचचं जे भोक घराच्या दारासारखं असतं, जिथे खूण न केलेलाच माल येतो-जातो, त्याला ॲक्सेस पोर्ट म्हणतात. दोन स्विच जोडणारं, लोकलसारखं सगळ्यांचा माल एकत्र नेणारं भोक म्हणजे ट्रंक पोर्ट. बसवणारा माणूस बोलत असताना हे दोन शब्द ओळखता आले तरी त्याचं अर्धंअधिक बोलणं समजतं.

या भिंतीचा पहिला फायदा लगेच मिळतो. लॅनमधली यंत्रं वरचेवर सगळ्यांना उद्देशून हाका मारत असतात: ‘अमुक पत्ता कोणाचा?’, ‘प्रिंटर कुठे आहे?’ याला ब्रॉडकास्ट म्हणतात. गल्लीत कोणी ओरडलं की प्रत्येक घराला कान द्यावा लागतो, तसं प्रत्येक फोनलाही या हाका ऐकाव्या लागतात. कोणी चुकून एकाच केबलची दोन्ही टोकं भिंतीवरच्या दोन पॉइंटात खोचली तर हीच हाक गोल गोल फिरून अख्खं ऑफिस बंद पाडू शकते. फोनचं वेगळं व्हीलॅन असलं की कॉम्प्युटरांच्या हाका फोनपर्यंत पोचत नाहीत.

## टेबलावर एकच पॉइंट आहे, त्याचं काय?

आपल्याकडच्या ऑफिसांत केबलिंग करताना बहुतेक वेळा टेबलाला एकच पॉइंट दिलेला असतो. म्हणून आयपी फोनच्या पाठीला दोन भोकं असतात. एकात भिंतीकडून येणारी केबल, दुसऱ्यातून कॉम्प्युटरला जाणारी. फोनच्या पोटात एक छोटा स्विचच असतो. फोन आपल्या आवाजावर २० ची खूण स्वतः करतो आणि कॉम्प्युटरचा माल बिनखुणेचा पुढे सोडतो. स्विचला सांगून ठेवलेलं असतं: या भोकातून बिनखुणेचं येईल ते १० चं समज, २० लिहिलेलं येईल ते फोनचं.

फोनला आपला क्रमांक २० आहे हे कसं कळतं? चांगला स्विच ते स्वतःच सांगतो. एलएलडीपी-मेड नावाची ओळखपाळख असते, तीत फोन म्हणतो ‘मी फोन आहे’ आणि स्विच म्हणतो ‘मग तू २० मध्ये जा’. ती सोय नसेल तर पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर ते काम करतो, नाहीतर प्रत्येक फोनच्या मेन्यूत जाऊन हाताने क्रमांक घालावा लागतो. हाताने घातलेला क्रमांक फोन रिसेट झाला की पुसला जाण्याची भीती असते, म्हणून २२ फोनांना मी तो मार्ग कधी सुचवणार नाही.

इथे खरेदीतली एक गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. स्वस्तातल्या अनेक फोनची ती दोन भोकं १०० एमबीपीएसचीच असतात. तुमचा स्विच आणि कॉम्प्युटर १००० एमबीपीएसचे असले तरी मधे असा फोन आला की कॉम्प्युटर १०० वर येतो. बिलिंगच्या काउंटरवर काही बिघडत नाही. पण एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरांच्या किंवा मोठी ड्रॉइंग उघडणाऱ्या इंजिनीअरच्या टेबलावर ‘फोन लावल्यापासून कॉम्प्युटर मंद झाला’ ही तक्रार हमखास येते, आणि ती खरी असते. अशा टेबलांपुरते गिगाबिट फोन घ्या.

## खूण केली, पण आधी कोणाला सोडायचं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसत्या व्हीलॅनने त्या हॉस्पिटलातला आवाज सुधारला नसता. १० चा माल आणि २० चा माल शेवटी त्याच ट्रंकवरून जाणार. वायर भरली की २० लिहिलेलं पॅकेटही रांगेत मागेच राहणार. व्हीलॅन केलं आणि फरक पडला नाही, असं सांगणारे जे लोक भेटतात, त्यांच्याकडे बहुतेक हा पुढचा भाग राहिलेला असतो.

हा भाग म्हणजे प्राधान्य. हॉस्पिटलच्या लिफ्टपाशी कितीही माणसं उभी असली तरी स्ट्रेचर आलं की सगळे बाजूला होतात. मघाच्या चार बाइटांच्या खुणेतच ० ते ७ अशी प्राधान्याची पायरी लिहायची जागा असते आणि आवाजाला रिवाजाने ५ देतात. राउटर, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात नेणारं यंत्र, वेगळी खूण वाचतं. तिला डीएससीपी म्हणतात आणि तिच्यात आवाजाचा आकडा असतो ४६. स्विचला सांगायचं की या खुणेचं पॅकेट आलं तर बाकीची रांग थांबवून आधी तेच सोड.

मग सीटीचं काय होईल, अशी डॉक्टरांना काळजी होती. हिशेब सोपा आहे. सगळे २२ फोन चालू असले तरी ते वायरीचा सुमारे दोन टक्के भाग घेतात. २० सेकंदांत जाणाऱ्या प्रतिमा साडेवीस सेकंदांच्या आत पोचतात. कोणाला ते जाणवणारही नाही.

आणि व्हीलॅनची खरी गरज इथे लागते. प्राधान्याची खूण कोणीही करू शकतो. एखाद्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर स्वतःच्या डाउनलोडवर ४६ लिहू शकतं. प्रत्येक जण आपल्या सामानाला स्ट्रेचर म्हणायला लागला तर लिफ्टचा नियम कोलमडतो. फोन वेगळ्या व्हीलॅनमध्ये असले की स्विचला एक साधा नियम देता येतो: २० मधून आलेली खूण खरी मान, १० मधून आलेली पुसून टाक.

## ‘त्यापेक्षा जुना स्विच बदलून मोठा घेतला तर?’

घ्यावाच. आम्हीही तो बदलला, कारण तो मॅनेज्ड नव्हता, म्हणजे त्याच्यात सेटिंग करायची सोयच नव्हती, ना व्हीलॅनची ना प्राधान्याची. पण केवळ वेग वाढवून हा प्रश्न मिटत नाही. १००० एमबीपीएसवर २५० एमबी दोन सेकंदांत जातात. दोन मशीनांनी एकाच वेळी पाठवायला घेतलं की ती वायरही भरते, फक्त थोडा वेळ. वीस सेकंद तुटणारा आवाज दोन सेकंद तुटेल. डोसचा आकडा सांगायला दोन सेकंदही लागत नाहीत.

शिवाय ऑफिसचा माल वाढतच असतो. आज बॅकअप नाही, उद्या लागेल. आज कॅमेरे चार आहेत, उद्या सोळा होतील. त्या हॉस्पिटलात शेवटी आम्ही सीटी आणि एक्स-रेच्या मशीनांनाही ३० क्रमांकाचं तिसरं व्हीलॅन दिलं, कारण अवजड माल कुठून येतो ते कळल्यावर त्यालाही लगाम घालता येणं शहाणपणाचं वाटलं.

## ‘मग फोनसाठी दुसरा स्विच आणि दुसऱ्या केबलीच टाकू या की’

हा मार्ग चुकीचा मुळीच नाही. नवी इमारत असेल, भिंती अजून उघड्या असतील, तर प्रत्येक टेबलाला दोन पॉइंट जरूर द्या. पण चालू ऑफिसात पुन्हा पाइप टाकणं, फॉल्स सीलिंग उघडणं, दुसरा रॅक लावणं याचा खर्च आणि धूळ मोठी असते. आणि फोनचा सर्व्हर इंटरनेटशी जोडताना ही दोन नेटवर्क कुठेतरी भेटणारच, तिथे प्राधान्याचा आणि सुरक्षेचा विचार करावाच लागतो.

## ‘आमच्याकडे चारच फोन आहेत’

मग व्हीलॅनवर पैसे घालू नका, हे माझं प्रामाणिक मत. चार-पाच फोन, तेवढेच कॉम्प्युटर, एक छोटा राउटर, अशा ठिकाणी तुंबतं ते जवळजवळ नेहमी इंटरनेटच्या दारातच. राउटरमध्ये फोनला प्राधान्य द्यायची सोय बघा आणि तेवढंच नीट करून घ्या. फोन १०-१५ च्या वर गेले, एकाहून जास्त स्विच आले, किंवा बाहेरची माणसं तुमच्या नेटवर्कवर येऊ लागली, की व्हीलॅनचा विषय काढा.

## इमारतीच्या बाहेर काय होतं?

पुण्यात बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखलेली, मार्गिका ज्यांनी वापरली आहे त्यांना हे लगेच समजेल. मार्गिका आहे तोवर बस सुसाट जाते, आणि ती संपून चौक आला की पुन्हा सगळ्यांबरोबर अडकते. आपलं व्हीलॅन आपल्या राउटरपाशी संपतं. तुमची २० ची खूण आणि ४६ चा आकडा सार्वजनिक इंटरनेटवर कोणी पाळत नाही.

तरी चौकात आपल्या हाती काहीच नसतं असं नाही. बहुतेक वेळा अडचण अपलोडची असते. संध्याकाळी बॅकअप क्लाउडवर चढायला लागतो आणि कंपनीच्या मोडेमच्या पोटात मोठी रांग साचते. ती रांग आपल्या ताब्यात नसते. उपाय असा की आपल्या राउटरलाच सांगायचं, लाइन १०० ची असली तरी ९० ते ९५ च्या वर सोडू नकोस. थोडा वेग मुद्दाम सोडून दिला की रांग आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे आवाजाला पुढे काढणं आपल्या हातात असतं. मला हा उपाय फार आवडतो, कारण त्याला नवी वस्तू लागत नाही.

फोनचे कॉल टेलिकॉम कंपनी वेगळ्या वायरीवर देत असेल तर प्रश्नच नाही. ती वायर सरळ फोनच्या व्हीलॅनलाच जोडा.

## सुरक्षेचं काय? भिंत आहे, कुलूप वेगळं लावा

एकाच नेटवर्कवर सगळं असेल आणि आवाज कूटबद्ध केलेला नसेल, तर त्या नेटवर्कवरच्या एका बाधित कॉम्प्युटरवरूनही संभाषण पकडता येऊ शकतं. आम्ही रोज तपासणीसाठी वापरतो ते वायरशार्क हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पकडलेल्या पॅकेटांतून बोलणं जसंच्या तसं वाजवून दाखवतं. पेशंट आपल्या आजाराबद्दल डॉक्टरांशी जे बोलतो ते तिसऱ्याच्या हाती पडणं किती वाईट, ते मी वेगळं सांगायला नको. व्हीलॅनमुळे कॉम्प्युटर आणि फोन यांच्यामध्ये भिंत येते आणि हे काम पुष्कळ अवघड होतं.

पण भिंतीत दार असतं, आणि ते सताड उघडं राहिलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. १० आणि २० अशी दोन व्हीलॅन करतात आणि मधला राउटर दोघांमधलं सगळं येणंजाणं मोकळं सोडतो, कारण कोणी त्याला नियमच दिलेला नसतो. मग ब्रॉडकास्टपुरती भिंत आणि बाकी सगळा वाडा एकच. नियम असा हवा: फोनांनी आपल्या सर्व्हरशी बोलावं, ज्याच्याकडे देखभाल आहे त्या एका कॉम्प्युटरला फोनची सेटिंग उघडता यावीत, बाकी सगळं बंद.

दुसरी गोष्ट. टेबलावरच्या पॉइंटमध्ये २० चा रस्ता येतोच. जाणकार माणूस फोन काढून लॅपटॉप लावेल, त्यावर २० ची खूण करेल आणि आत येईल. वेटिंग हॉलमधल्या, कॉरिडॉरमधल्या, जिथे फोन नाही अशा पॉइंटवर म्हणूनच २० चालू ठेवू नये. संभाषण खरंच गोपनीय असेल तर एसआरटीपी, म्हणजे आवाज कुलूपबंद करून पाठवण्याची सोय, फोन आणि सर्व्हर दोन्हीकडे चालू करा.

आणि फोनचा सर्व्हर इंटरनेटला उघडा टाकू नका. आयपी फोन एकमेकांना रिंग देण्यासाठी सिप नावाची भाषा वापरतात, तिचं नेहमीचं दार ५०६० क्रमांकाचं. जगभरातून हे दार ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम अखंड चालू असतात. एक्स्टेन्शन १०१ ला पासवर्डही १०१ असेल तर ते आत येतात आणि तुमच्या खात्यावर परदेशी महागडे कॉल लावतात, तेही ऑफिस बंद असताना. आयएसडी लागत नसेल तर बंदच करून घ्या.

## मोबाइलमधलं फोनचं ॲप कुठे बसवायचं?

इथे आपली नीटनेटकी विभागणी थोडी विस्कटते, आणि ते मान्य करायला हवं. लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर फोनचं ॲप टाकलं तर ते यंत्र १० मध्येच राहणार, कारण त्याची बाकीची कामं तिथे आहेत. मग १० मधून फोनच्या सर्व्हरकडे जाणारी नेमकी दारं उघडावी लागतात: सिपचं ५०६० आणि आवाजासाठीचा क्रमांकांचा पट्टा. ॲस्टरिस्क या मुक्त प्रणालीच्या नेहमीच्या मांडणीत तो १०००० ते २०००० असतो. फक्त वायफायवर बोलणारे फोन असतील तर त्यांच्यासाठी वायफायचं वेगळं नाव करून ते २० ला जोडता येतं. वायफायची हवा मात्र सगळ्यांची एकच असते. तिथे केबलइतका भरवसा देता येत नाही.

## बसवताना जिथे हमखास अडखळायला होतं

फोनचं व्हीलॅन कडेकोट बंद केलं की फोनवरची वेळ चुकते, कारण वेळ सांगणाऱ्या सर्व्हरकडे जायचा रस्ताही बंद झालेला असतो. हे नुसतं दिसायला वाईट नाही. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं तारीख बघतात, आणि घड्याळ चुकलं की फोन सर्व्हरशी जोडलाच जात नाही. फोन चालू होतो पण कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, किंवा एकाच बाजूने ऐकू येतं, असं झालं तर राउटरमधला ‘सिप एएलजी’ हा पर्याय आधी बंद करून बघा. मदतीसाठी दिलेली सोय आहे, पण पुष्कळदा तीच पाकिटावरचे पत्ते बिघडवते.

विजेचा विचार तर कोटेशनच्या वेळीच व्हायला हवा. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, म्हणून गावात वीज नसली तरी फोन चालायचा. आयपी फोनलाही नेटवर्कच्या केबलीतून साधारण तेवढ्याच व्होल्टची वीज देता येते. पीओई म्हणतात ती हीच सोय. पण ती वीज आता तुमच्याच स्विचमधून येते. स्विच, राउटर आणि फायबरचा डबा हे तिन्ही यूपीएसवर नसतील तर वीज गेल्याक्षणी सगळं ऑफिस मुकं होतं. तिन्हीपैकी एक विसरलेलं ठिकाण मला दर पावसाळ्यात सापडतं. आणि प्रत्येक मजल्यावरच्या एका तरी फोनवरून ११२ लागतो का, बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य किंवा नऊ दाबावा लागतो का, हे एकदा तपासा.

## काम झालं हे कसं ओळखायचं

रात्री ऑफिस रिकामं असताना केलेली चाचणी काहीच सांगत नाही. हॉस्पिटलात आम्ही सोमवार निवडला, वेळ अकराची. मी रस्त्यापलीकडे जाऊन मोबाइलवरून रिसेप्शनला फोन लावला. सीटीच्या तंत्रज्ञांनी दोन पेशंटांच्या प्रतिमा एकापाठोपाठ पाठवायला घेतल्या, आणि ताईंनी एकपासून शंभरपर्यंत आकडे म्हटले. सलग आकड्यांत एखादा गळला तर लगेच कळतं. एकही गळला नाही.

नंतर रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. १० कॉम्प्युटर, २० फोन, ३० मशीन, कोणत्या स्विचचं कोणतं भोक ट्रंक, कोणती केबल कोणत्या मजल्याची, सेटिंगची प्रत कोणाकडे. पुढच्या वेळी तो रॅक उघडणारा माणूस दुसराच कोणी असेल, आणि एक भोक चुकीचं बदललं तर पूर्ण मजल्याचे फोन बंद पडतील. हा कागद बहुतेक कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. ‘व्हॉइस व्हीलॅन’च्या ओळीखाली तो हाताने लिहून मागून घ्या.